जमिनीच्या लढ्यात पुढे, सातबाऱ्यावर मागे : शहाद्याच्या आणि पॅलेस्टाईनच्या बायका

पॅलेस्टाईनच्या बायकांचा विषय निघाला की आपल्या घरात दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. ढिगाऱ्यापाशी बसलेली आई, किंवा बंदुकवाल्या सैनिकासमोर उभी असलेली मुलगी. दोन्ही चित्रं खरी आहेत. पण त्यांच्या मागे शंभर वर्षांचं काम आहे: सभा, शाळा, शिवणवर्ग, कमिट्या, निवडणुका. जमीन गेली की तिथल्या बायका राजकारणात कशा येतात आणि पुढे त्यांच्या हाती काय उरतं, हे समजायला आपल्या महाराष्ट्रातच एक गाव आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा.

मुस्लिम वाचकांना शहादा बाजारपेठेचं गाव म्हणून माहीत असतं, किंवा जवळच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे. १९७२ च्या आसपास मात्र या तालुक्याचं नाव देशाबाहेरही पोहोचलं होतं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ मध्ये शहाद्याच्या चळवळीवर सविस्तर लिहिलं. भारतातल्या स्त्री चळवळीचा इतिहास लिहिणारे आजही शहाद्यापाशी थांबतात.

काळी जमीन, कोरे हात

तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. तापी आणि गोमाईच्या खोऱ्यातली इथली जमीन काळी, कसदार. ती कसणारे भिल्ल आदिवासी. पण पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या वहीत अंगठे उठत गेले आणि जमिनी हातातून निसटत गेल्या. ज्याचं शेत होतं तोच त्याच शेतावर सालदार झाला. सालदार म्हणजे वर्षभराच्या ठरावाने बांधलेला गडी. उचल घ्यायची, ती फिटायची नाही, पुढचं साल पुन्हा तिथेच. त्याची बायको रोजंदारीवर. मजुरी पुरुषापेक्षा कमी, आणि शेतावर इज्जतीची शाश्वती नाही. बायकांवरचे अत्याचार ही तिथली नेहमीची तक्रार होती, पण ती ऐकणारं कोणी नव्हतं.

भिल्ल समाजातलेच अंबरसिंग सुरतवंती यांनी ती ऐकली. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. सर्वोदयाच्या कामातून आलेला, भजनी मंडळात रमणारा हा माणूस. मे १९७१ मध्ये भुकेले आदिवासी धान्य मागायला पाटीलवाडीला गेले, तिथे गोळी चालली आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर वातावरण बदललं. जमिनी परत मिळाव्यात म्हणून मेळावे भरले. पुण्या-मुंबईकडची शिकलेली पोरं येऊन मिळाली. त्यात आयआयटीतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर होते. स्थानिक भिल्ल तरुणांत पुढे कवी म्हणून नाव झालेले वाहरू सोनवणे होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. किमान मजुरी द्या, सालदाराला सुट्टी द्या, दुष्काळात काम द्या आणि बळकावलेली जमीन परत करा, अशा मागण्या होत्या.

बायका पुढे आल्या त्या कशा

सुरुवातीला कोणी बायकांना वेगळं बोलावलं नव्हतं. जमीन सगळ्या घराची, म्हणून सगळं घर मोर्चात. पण मोर्चात गेल्यावर दिसलं की बायका जास्त खमक्या आहेत. घोषणा त्या देत, गाणी त्या रचत. झोपडी-झोपडीत जाऊन घाबरलेल्या पुरुषांना बाहेर काढत. मालकाशी बोलणी करताना पुरुष नरम पडत आणि बायका अडून बसत. १९७२ चा दुष्काळ तर सगळ्या महाराष्ट्राला आठवतो. खडी फोडायच्या कामावर निम्म्याहून अधिक हात बायकांचेच असत, त्यामुळे मजुरीचं भांडण हे त्यांचं रोजचंच भांडण होतं.

मग शिबिरं भरू लागली. चार गावच्या बायका पहिल्यांदा एका जागी बसल्या. जमीन आणि मजुरीवर बोलून झालं आणि कोणीतरी दारूचा विषय काढला. मिळालेली मजुरी गुत्त्यावर जाते आणि रात्री घरात मार बसतो. एकीने सांगितलं तेव्हा बाकीच्यांचंही तेच निघालं.

इथून चळवळीने जे वळण घेतलं ते तिच्या नेत्यांनीही ठरवलेलं नव्हतं. बायकांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. गुत्त्यात शिरायचं, दारूची मडकी फोडायची, पुढच्या गावाला निघायचं. कोणा बाईने नवऱ्याने मारल्याचं सांगितलं तर साऱ्याजणी जमून त्याच्या दारात जात, त्याला चोप देत आणि चारचौघांत बायकोची माफी मागायला लावत. आजच्या कायद्याच्या चौकटीत हे बसणार नाही. पण पोलीस ठाणं कोसांवर आणि तिथे दाद नाही, अशा काळात बायकांनी आपापला न्याय केला.

दारूबंदी या भागाला नवी नव्हती. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली होती. तिथे सांगणारे महाराज होते आणि ऐकणारा समाज. १९७२ मध्ये ज्यांच्या पाठीवर वळ होते त्या स्वतः बोलल्या. आपल्या समाजात दारू हराम म्हणून आपण विषय तिथेच संपवतो. पण व्यसनाचा मार कोणाला बसतो, हे शहाद्याच्या बायकांनी जितक्या उघडपणे मांडलं तितकं आपण क्वचितच मांडतो.

जेरुसलेम, १९२९

पॅलेस्टाईनमधली सुरुवात वेगळ्या थरातून झाली. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी बैतुल मुकद्दस, म्हणजे जेरुसलेममध्ये अरब बायकांची पहिली परिषद भरली. दोनशेहून जास्त बायका आल्या. बहुतेक शहरातल्या, खानदानी, शिकलेल्या. मुस्लिम आणि ख्रिस्ती दोन्ही. मागण्या त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या, देशाच्या होत्या: बाल्फोर जाहीरनामा रद्द करा, जमिनी जाऊ देऊ नका. शिष्टमंडळ ब्रिटिश हाय कमिशनरला भेटलं आणि शहरातून मोटारींचा ताफा निघाला. १९३३ मध्ये तर तरब अब्दुल हादी या मुस्लिम बाई चर्चमध्ये बोलल्या आणि मतिल मुगन्नम या ख्रिस्ती बाई मशिदीत.

खेड्यातली शेतकरी बाई या परिषदांत नव्हती. ती १९३६ ते १९३९ च्या बंडात दिसते. डोंगरात लपलेल्यांना भाकरी, पाणी, निरोप आणि कधी हत्यारं पोहोचवणारी.

१९४८ च्या नकबामध्ये सात लाखांहून अधिक लोक बेघर झाले. गाव गेलं, शेत गेलं, ऑलिव्हची झाडं गेली. एप्रिल १९४८ मध्ये दैर यासीनच्या कत्तलीनंतर पोरकी झालेली ५५ मुलं हिंद अल-हुसैनी यांना जेरुसलेमच्या रस्त्यावर दिसली. त्यांनी ती घरी नेली आणि त्यातून ‘दार अल-तिफ्ल’ ही संस्था उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या छावण्यांत १९५० पासून शाळा चालू झाल्या आणि मुलीही शिकू लागल्या. जमीन नाही, दागिने विकून झाले, तेव्हा मुलीची डिग्री हीच घराची पुंजी झाली. १९६५ मध्ये समीहा खलील यांनी अल-बीरा इथे ‘इनआश अल-उस्रा’ सुरू केली: भरतकाम, शिवण, साक्षरता, अनाथांना आधार. त्याच वर्षी पॅलेस्टिनी महिलांचं मध्यवर्ती संघटनही झालं.

शहाद्याशी खरं साम्य दिसतं ते १९७८ पासून. त्या वर्षी ८ मार्चला रामल्लाच्या तरुण कार्यकर्त्या बायकांनी कामाच्या कमिट्या काढल्या आणि त्या खेड्यांत, छावण्यांत, कारखान्यांत गेल्या. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला तेव्हा हेच जाळं कामी आलं. इस्रायलने शाळा बंद केल्या, तर बायकांनी घरात वर्ग भरवले. इस्रायली मालावर बहिष्कार टाकला, तर परसात भाजी लावली, सहकारी तत्त्वावर लोणची-बिस्किटं केली. ऑगस्ट १९८८ मध्ये या लोककमिट्यांवर बंदी आली. घरचा वर्ग चालवणं हासुद्धा गुन्हा ठरू शकला.

लढा ओसरल्यावर

दोन्हीकडची अवघड गोष्ट पुढेच आहे. पॅलेस्टिनी बायकांमध्ये तेव्हा अल्जीरियाचं उदाहरण वारंवार दिलं जाई. तिथे बायका फ्रेंचांविरुद्ध लढल्या, तुरुंगात गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतर १९८४ च्या कुटुंब कायद्याने त्यांना पुन्हा पालकाच्या हाताखाली ठेवलं. आपलं तसं व्हायला नको, असं त्या म्हणत. १९९१ च्या माद्रिद परिषदेत हनान अश्रावी जगासमोर बोलल्या. जानेवारी १९९६ मध्ये अध्यक्षपदाला यासर अराफात यांच्यासमोर एकच उमेदवार उभा राहिला, त्या समीहा खलील. त्या हरल्या. त्याच निवडणुकीत ८८ जागांच्या कायदेमंडळात ५ बायका आल्या. २००६ मध्ये यादीत राखीव जागा ठेवल्यावर १३२ पैकी १७. घरगुती कायदा तर जुनाच राहिला: पश्चिम किनाऱ्यावर जॉर्डनचा १९७६ चा, गाझात इजिप्तच्या अमलातला १९५४ चा.

शहाद्यात अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. पुढे आणीबाणी आली आणि संघटनेवर दडपण आलं. बऱ्याच जमिनी परत मिळाल्या, आदिवासींची जमीन परत देण्याचा राज्याचा कायदाही १९७५ मध्ये आला. पण परत मिळालेली जमीन चढली कोणाच्या नावावर? बहुतेक घरकर्त्या पुरुषाच्या. मडकी फोडणारी बाई सातबाऱ्यावर आलीच नाही.

नंतर सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणीच्या गावांना बुडवलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली आणि अनेक कुटुंबं शहादा-तळोद्याच्या वसाहतींत आली. मणिबेलीत पाण्यासमोर बसलेल्यांत बायका कमी नव्हत्या. पण नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला गेला. सज्ञान मुलगी नाही. मोबदल्याची जमीन त्याच हिशेबाने ठरली.

आदिवासी मुलीची अडचण आणखी खोल आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि रूढी मुलीला शेतात वाटा देत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, तशी रूढी सिद्ध होत नसेल तर स्त्रीला समान वाटा नाकारता येणार नाही, असं म्हटलं. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने एक चांगली गोष्ट केली होती: विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे.

आपल्या घरातला कागद

पॅलेस्टाईनमध्ये बहिणीने वारशाचा हिस्सा भावांना सोडून देण्याला ‘तखारुज’ म्हणतात. शरियत हिस्सा देते, उस्मानी काळाचा सरकारी शेतजमिनीचा कायदा तर मुलाला आणि मुलीला सारखा वाटा देत होता. तरी बहीण सोडते, कारण माहेर तुटायची भीती. वाचताना ओळखीचं वाटलं असेल. आपल्याकडे त्याला हक्कसोडपत्र म्हणतात.

कुरआनच्या सूरह निसामध्ये हिस्से स्पष्ट आहेत: मुलीला मुलाच्या निम्मा, मुलं असतील तर बायकोला आठवा. ही कोणाची मेहरबानी नाही. आणि गंमत अशी की ज्या १९३७ च्या शरियत कायद्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्याच्या दुसऱ्या कलमातच शेतजमिनीचा विषय बाजूला ठेवला आहे. जमीनदारांचा दबाव तेव्हाही होताच. जलशात पॅलेस्टाईनच्या बहिणींसाठी दुआ करायची आणि सोमवारी सख्ख्या बहिणीला सही करायला तालुक्याला न्यायचं, असं चालतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून थोडी माहिती बायकांसाठी. वडील हयात असताना वारशाचा हिस्सा ठरलेलाच नसतो, त्यामुळे तेव्हा लिहून घेतलेलं हक्कसोड मुस्लिम कायद्यात सहसा टिकत नाही. त्यांच्या इंतकालनंतर हक्क सोडायचाच असेल, तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो. तोंडी “मी सोडलं” चालत नाही. वारस म्हणून भावांसोबत बहिणींची आणि आईचीही नावं तलाठ्याला द्यावी लागतात. फेरफार प्रमाणित होण्याआधी नोटीस निघते आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. नाव सुटलं असेल तर हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. सातबारा आता ऑनलाईन दिसतो. गाव आणि गट नंबर माहीत असला की मोबाईलवर पाहता येतो.