आघाडी सरकारांचे आयुष्य : गुजरातचे दोन दाखले, गोव्याचा एक

कोणत्याही एका पक्षास स्पष्ट बहुमत न मिळाल्यास निवडणुकीनंतर आघाडीचे सरकार स्थापन होते. ते किती काळ टिकेल, याचा अंदाज सहसा घटक पक्षांच्या जागांची बेरीज करून बांधला जातो. गुजरातचा अनुभव मात्र असा की, त्याच सभागृहात दुसरे बहुमत कोणाला जुळवता येते, यावर सरकारचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

या अनुभवातील एक प्रमुख नाव चिमणभाई पटेल (१९२९–१९९४) यांचे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते १९५० मध्ये विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९६७ मध्ये तत्कालीन बडोदे जिल्ह्यातील संखेडा मतदारसंघातून विधानसभेत पोहोचले. नवनिर्माण आंदोलनामुळे फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी किसान मजदूर लोकपक्ष काढला.

१९७५ : जनता मोर्चा

जून १९७५ च्या निवडणुकीत १८२ जागांपैकी काँग्रेसला ७५, संघटना काँग्रेसला ५६, जनसंघाला १८ आणि चिमणभाईंच्या पक्षाला १२ जागा मिळाल्या. बहुमतासाठी ९२ जागांची गरज होती. संघटना काँग्रेस व जनसंघ हे प्रमुख घटक असलेल्या जनता मोर्चाने चिमणभाईंच्या पक्षाच्या पाठिंब्यावर बाबूभाई जशभाई पटेल यांचे सरकार १८ जून रोजी स्थापन केले. आठवड्याभरात आणीबाणी लागू झाली. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा नव्हता. पक्षांतरांमुळे मार्च १९७६ मध्ये सरकार पडले, राष्ट्रपती राजवट आली आणि डिसेंबरमध्ये त्याच विधानसभेतून माधवसिंह सोळंकी यांचे काँग्रेस सरकार उभे राहिले.

१९९० : जनता दल–भाजप

१९९० मध्ये जनता दलाला ७०, भाजपला ६७ व काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या. चिमणभाईंच्या नेतृत्वाखालील दोन पक्षांच्या आघाडीकडे १३७ आमदार होते. तरीही ती आठ महिनेसुद्धा टिकली नाही. २३ ऑक्टोबर रोजी रथयात्रेवर असलेल्या लालकृष्ण अडवाणी यांना बिहारात अटक झाली आणि भाजप सत्तेतून बाहेर पडला. आघाडी मोडली, सरकार मात्र वाचले. चिमणभाईंनी जनता दल (गुजरात) स्थापून काँग्रेसचा पाठिंबा मिळवला, पुढे ते काँग्रेसमध्येच गेले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्रिपदी राहिले.

कायदा आणि गोवा

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मुभा होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती रद्द झाली. दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी उरली. लहान विधिमंडळ पक्षात ही अट गाठण्यास मोजकी माणसे पुरतात. गोव्यात २०१७ मध्ये काँग्रेसला १७ व भाजपला १३ जागा असताना मगोप, गोवा फॉरवर्ड व अपक्षांच्या साथीने भाजपचे सरकार आले. मार्च २०१९ मध्ये मगोपच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये गेले आणि उपमुख्यमंत्री सुदिन ढवळीकर यांना वगळण्यात आले. जुलैमध्ये काँग्रेसच्या १५ पैकी दहा आमदार आल्यावर भाजपचे संख्याबळ २७ झाले आणि गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांनाही डच्चू मिळाला.

१९७६ मध्ये सरकार गेले, १९९० मध्ये जोडीदार बदलला, २०१९ मध्ये जोडीदारांची गरजच संपली. तिन्ही वेळा नवे बहुमत मतदाराकडे परत न जाता सभागृहातच तयार झाले.