'ऊर्जासुरक्षा' : एका संज्ञेचा अर्थविस्तार

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी नेदरलँड्सचे तेल तोडले, तेव्हा ब्रिटन व फ्रान्स यांनी शेजाऱ्यास उघड साहाय्य करण्याचे टाळून आपापला पुरवठा सांभाळला. या कटू अनुभवानंतर, १९७४ च्या नोव्हेंबरात, करारान्वये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय पॅरिसमध्ये. फ्रान्स स्वतः मात्र १९९२ पर्यंत बाहेरच राहिला! करारातील 'सुरक्षा' ही मोजता येणारी गोष्ट होती : प्रथम ६० व पुढे ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा, आणि टंचाईत तेलाची आपसांत वाटणी.

रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर, १ मार्च २०२२ रोजी, सभासद राष्ट्रांनी साठ्यांतून सुमारे ६ कोटी पिंपे तेल काढावयाचे ठरविले. दोनच दिवसांनी संस्थेने रशियन वायूवरील युरोपीय संघाचे अवलंबन घटविण्याची दहा कलमी योजना मांडली. तीत पवन व सौर प्रकल्प त्वरेने उभारण्याचेही कलम होते.

हा अर्थविस्तार होय, अर्थांतर नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण ९० दिवसांचे बंधन कायमच आहे. परंतु वारा कोठारात भरून ठेवता येत नाही, आणि वीज अपुरी पडल्यास मित्राने मित्रास काय द्यावे, याविषयी तेलापुरत्या त्या वाटणीच्या कलमांत काहीच सांगितलेले नाही.