दोन बिल्ले

गेल्या महिन्यात काकांची लालबागची खोली रिकामी करायला आम्ही चुलत भावंडं जमलो होतो. (ज्यांना यायला जमलं नाही त्यांना फोटो पाठवलेत, तक्रार नको!) माळ्यावरच्या ट्रंकेत आजीचा पानाचा डबा निघाला. आत चुना, कात काही नाही, दोन पितळी बिल्ले. एक गोल, एक षटकोनी. दोन्हीवर नुसता आकडा.

"अगं, दादांचे गिरणीतले," आत्या म्हणाली. आजोबांना सगळी मुलं दादाच म्हणायची.

"पण दोन कसे?"

"दोन गिरण्या होत्या म्हणून दोन. सकाळची एक, दुपारची एक." आणि ती हसायलाच लागली. "दुपारच्या गिरणीत दादांचं नावपण वेगळं होतं. चुलतभावाचं नाव लावलं होतं म्हणे!"

आजोबा नवव्या वर्षी गिरणीत लागले, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात, बारशाला कुणीतरी सांगतंच. मीही माझ्या मुलांना अभ्यासाचा कंटाळा आला की ऐकवायचे. पण दोन गिरण्यांचं कधी ऐकलं नव्हतं. मग घरी आल्यावर दोन-तीन आठवडे जमेल तसं वाचत बसले. आजोबा १९१२ साली मुंबईत आले हे नक्की माहीत होतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करायची होती, पण गोष्ट मागे मागे सरकत गेली.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, कावसजी नानाभाई दावरांची. पुढची पंचवीस वर्षं गिरण्यांत कुणी किती वर्षांचं असावं, किती तास राबावं, याला काहीही कायदा नव्हता. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की साचे सुरू आणि मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, काम मोठं. मुलांचं काम मुख्यतः सूतकताईच्या खात्यात. चात्यांवरच्या बॉबिनी भरल्या की भराभर काढायच्या, रिकाम्या बसवायच्या. बोटं लहान आणि चपळ लागतात म्हणून मुलं, असं सांगितलं जातं. मला वाटतं मजुरी कमी, हे कारण त्याहून मोठं असावं.

१८७५ साली सरकारने मुंबईत चौकशी कमिशन नेमलं. बहुतेक सभासदांनी कायद्याची गरज नाही असं कळवून टाकलं. हे प्रकरण तिथेच संपायचं, पण सोराबजी शापूरजी बंगाली नावाच्या पारशी गृहस्थांनी ते सोडलं नाही. (आडनाव बंगाली, माणूस मुंबईचा. चर्चगेटजवळ त्यांचा पुतळा आहे. मी कॉलेजला असताना चार वर्षं त्यावरून गेले आणि एकदाही कोण म्हणून पाहिलं नाही.) १८७८ मध्ये त्यांनी स्वतः कायद्याचा मसुदा केला. तो मुंबईच्या कौन्सिलात मांडायची परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी तो विलायतेत लोकांसमोर नेला.

आणि इथेच घोळ झाला. कारण विलायतेत या कायद्यासाठी सगळ्यात जास्त उतावीळ होते ते मँचेस्टरचे गिरणीवाले. मुंबईचं सूत त्यांच्या पोटावर येत होतं. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक देशी वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. मुलांची दया वगैरे सगळं ढोंग आहे, आपला धंदा बुडवायचा डाव आहे, असं. एका बंगाली पत्राने तर मजूर जास्त मेले तरी चालतील पण हा उगवता धंदा बुडायला नको, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. अपवाद होता पुण्याच्या 'मराठा'चा. त्यावर तेव्हा आगरकरांचा प्रभाव होता, आणि त्याने गिरणीवाल्यांना मजुरांना सवलती द्या असं सांगितलं. शाळेत आगरकर म्हणजे केशवपन आणि संमतिवय एवढंच शिकवलं आम्हाला.

मला यात गंमत अशी वाटते की दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. मँचेस्टरला मुंबईच्या पोरांचा कळवळा नव्हता हे खरं. आणि ती पोरं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभी असायची, हेही खरंच.

१८८१ साली कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही. सात ते बाराच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये तासभर सुट्टी, महिन्यात चार दिवस रजा. शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यांनाच हे लागू. मोठ्या माणसांबद्दल एक अक्षर नाही. सात वर्षं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यात चूक झालीय असंच वाटलं.

मग नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झालेल्याला भरपाई. ही यादी मी दोनदा वाचली. त्यात मुलांना गिरणीतून काढा अशी मागणी नाही. आधी खटकलं. मग आजोबांचं घर आठवलं आणि खटकणं कमी झालं. पोराचा पगार बंद करा म्हणून कोण सही करणार? रविवारची सुट्टी मात्र १० जून १८९० ला मिळाली, आणि पुढच्या वर्षीच्या नव्या कायद्यात मुलांचं किमान वय नऊ झालं. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना दिवसाला सात तास. अशा मुलांना 'हाफ टाइम'वाले म्हणायचे.

यानंतर गिरण्यांत वीज आली, आणि सूर्य मावळल्यावर साचे बंद करायचं कारणच उरलं नाही. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालत. पुन्हा कमिशन, पुन्हा साक्षी. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी त्यात भिन्नमतपत्रिका जोडून मोठ्या पुरुषांचे तासही थेट बारावर आणा असं ठणकावलं. अखेर १९११ चा कायदा झाला. कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तास, मुलांना सहा तास, रात्रपाळी नाही. मुलाकडे वयाचा आणि तब्येतीचा डॉक्टरी दाखला हवा. आणि कामावर असताना मुलाने तो दाखला, नाहीतर दाखल्याची नोंद असलेला बिल्ला, जवळ बाळगायचा.

तर हे आपले बिल्ले!

आता आजोबांची गोष्ट, आत्याकडून ऐकली तशी. माण तालुक्यातलं गाव, वडील पटकीत गेलेले. चुलता गिरणीत होता, तो पोराला घेऊन मुंबईला आला. जॉबरला काहीतरी दिलं, जॉबरने डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने तोंड उघडायला लावलं आणि दात पाहिले. (याला परंपरा आहे. इंग्लंडच्या कायद्यात १८३३ पासून नऊ वर्षांची अट होती, पण जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८३७ ला. तिथेही डॉक्टर उंची बघायचे, मग एका दंतवैद्याने उंचीपेक्षा दात बरे म्हणून सिद्ध करून दाखवलं.) चुलत्याने वय सांगितलं नऊ पुरी. आजोबांची थोरली बहीण १८९९ च्या मोठ्या दुष्काळातली, आणि आजोबा तिच्या पाठी पाच-सहा वर्षांनी. म्हणजे करा हिशोब. सात किंवा फार तर आठ. दाखला मिळाला.

कागदावरचं हे वय आजोबांना जन्मभर चिकटलं. निवृत्तही त्याच वयाने केलं, म्हणजे खऱ्या हिशोबाने दोन वर्षं आधी. त्यावर ते शेवटपर्यंत कुरकुरत, पण बोलायची सोय नव्हती.

सहा तासांत जेवढी मजुरी मिळायची त्यात भागेना. मग चुलत्याने दुसऱ्या गिरणीत, दुसऱ्या नावाने, दुसरा दाखला काढला. सकाळी एका गिरणीत सहा तास, दुपारी शेजारच्या गिरणीत सहा तास. सहा आणि सहा बारा. मोठ्या पुरुषाला कायद्याने जास्तीत जास्त जेवढं काम करता येत होतं, नेमकं तेवढंच. आणि दोन्ही गिरण्यांची हजेरी तपासली तर कायदा कुठेच मोडलेला दिसणार नाही. ही युक्ती आमच्याच घरातली असं समजू नका. १९२२ साली कायद्यात एका मुलाला एका दिवशी दोन कारखान्यांत लावायला मनाई करावी लागली, यावरूनच काय ते कळतं.

मी चुलत्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. मग एक तारीख सापडली आणि थांबले.

कायद्याने मुलाला अर्धा दिवस मोकळा केला. पण त्या अर्ध्या दिवसात त्याने जायचं कुठे? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल दिल्लीच्या कायदेमंडळात नव्हे, तेव्हाच्या कलकत्त्याच्या इंपीरियल कौन्सिलात मांडलं होतं. फार मोठी मागणी नव्हती, सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, तीही जिथे स्थानिक संस्था तयार असतील तिथे. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्याच वर्षी आजोबा मुंबईत आले. सहा तासांचा कायदा पास झाला, शाळेचा कायदा नापास झाला, आणि मधल्या रिकाम्या वेळात दुसरी गिरणी उभी होती. मुंबईत सक्तीचं शिक्षण १९२५ साली सुरू झालं, तेही एफ आणि जी या दोन वॉर्डांत, म्हणजे गिरणगावातच. तोपर्यंत आजोबा वीस वर्षांचे झाले होते. पंचविशीत ते रात्रशाळेत गेले आणि वाचायला शिकले.

पुढचे कायदे भराभर सांगते. १९२२ ला किमान वय बारा. १९३३ ला आईबापांनी कर्जापोटी मुलाची मजुरी गहाण ठेवण्यावर बंदी. १९४८ ला कारखान्यांसाठी चौदा. राज्यघटनेत चोविसावं कलम, १९८६ चा बालमजुरी कायदा, २००९ चा शिक्षणहक्क. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांना सगळ्याच धंद्यांत बंदी झाली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत चालेल अशी फट ठेवूनच. ती फट वाचताना मला षटकोनी बिल्ला दिसत होता.

या यादीतली एक तारीख मात्र भराभर सांगता येत नाही. १० ऑक्टोबर २००६. त्या दिवसापासून घरकामाला आणि हॉटेलांत चौदा वर्षांखालचं मूल ठेवणं गुन्हा झाला. त्याआधी घरकाम कुठल्याच यादीत नव्हतं.

घरच्यांना कळलं असेल मी कुठे येतेय. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्या डोंबिवलीच्या घरी गावाकडचा एक मुलगा आणला होता. भांडी, केर, धाकट्याला सांभाळणं. मी तेव्हा नऊ वर्षांची, तो माझ्याहून जेमतेम वर्षभराने मोठा असेल. मी सकाळी शाळेत जायचे, तो माझा डबा भरून द्यायचा. आम्ही कुठलाही कायदा मोडला नव्हता. त्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, दिवाळीला माझ्या भावासारखाच शर्ट शिवला. हे मी लिहितेय आणि लिहिताना चुलत्याची आठवण येतेय. तोही असंच काहीतरी सांगत असणार.

आजोबा तेव्हा आमच्याकडे राहायला होते. पहिल्या दिवशी त्यांनी त्या मुलाला विचारलं, "वय काय रे तुझं?" तो पटकन म्हणाला, "तेरा." आजोबांनी त्याला जवळ बोलावलं, आ करायला लावलं, दात बघितले आणि काही न बोलता पेपर उघडला. आम्हाला वाटलं म्हातारपणाचं काहीतरी! दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी ते त्याला पाटी घेऊन बसवू लागले. आई वैतागायची, भांडी तशीच पडतात म्हणून. ते म्हणायचे, "आधी अक्षरं, मग भांडी." त्याला वाटेला लावा, शाळेत घाला, असं मात्र तेही म्हणाले नाहीत. दोन वर्षांनी त्याचा मामा येऊन त्याला घेऊन गेला, तेव्हा तो जोडाक्षरांपर्यंत आला होता.

आत्याला त्याचं नाव आठवतं, आडनाव नाही. आईला गाव आठवत नाही, म्हसवडच्या बाजूचं असावं एवढंच. आता तो साठी ओलांडलेला असेल. काकू, तुमच्या माहेरच्या ओळखीनेच तो आला होता ना? काही आठवलं तर मला फोन करा.

बिल्ले सध्या माझ्याकडे आहेत. खऱ्या नावाचा कुठला, गोल की षटकोनी, ते आत्यालाही माहीत नाही.