हिरवळीचा जमाखर्च

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आपल्या संस्थेचा इतिहास इतर मंडळी लिहीतच आहेत. मी एका दूरच्या शहरातल्या बागांचा इतिहास सांगतो. दर उन्हाळ्यात टँकरचे बिल आले की फाटकाजवळच्या हिरवळीवरून आपल्या सभेत जो वाद रंगतो, त्याच्याशी या इतिहासाचे जवळचे नाते आहे.

अमेरिकेतील लास व्हेगास हे शहर मोहावी वाळवंटात आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्या पुण्यात त्याच्या सातपट पडतो. शहराचे सुमारे 90 टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाच्या जलाशयातून येते. 1922 मध्ये सात राज्यांनी या नदीच्या पाण्याचा करार केला, तेव्हा लास व्हेगास हे रेल्वेचे लहानसे गाव होते. पुढे वाटे ठरले, त्यात नेवाडा राज्याच्या पदरी सर्वांत कमी पाणी पडले. गाव मात्र फुगत गेले, आणि पावसाळी प्रदेशातली हिरवळीची हौस वाळवंटातही घरोघरी आली.

यावरचा विचार आधी डेन्व्हर शहरात झाला. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने 1981 मध्ये ‘झेरिस्केप’ हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडे. तत्त्वे साधी होती: आधी आराखडा करा, माती सुधारा, सारखी तहान असलेली झाडे एकत्र लावा, मुळाशी ठिबकने पाणी द्या, जमीन आच्छादनाने झाका, आणि हिरवळ जिथे वापरात येईल तेवढीच ठेवा.

लास व्हेगासवाल्यांनी यात हिशेबाची भर घातली, आणि आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला तीच फार आवडली. तिथे घरात वापरलेले पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जाते आणि पुन्हा त्याच जलाशयात सोडले जाते. म्हणजे ते वसूल होणारे कर्ज. बागेत शिंपडलेले पाणी उन्हात उडून जाते. ते बुडीत खाते! म्हणून त्यांनी आंघोळीवर नव्हे, हिरवळीवर बोट ठेवले.

1999 पासून हिरवळ काढणाऱ्याला चौरस फुटामागे रोख अनुदान मिळू लागले. पाहणीत आढळले की एक चौरस फूट हिरवळ वर्षाला सुमारे 275 लिटर पाणी पिते, तर वाळवंटी बाग सुमारे 65 लिटर. हजार चौरस फुटांना वर्षाकाठी दोन लाख लिटरहून जास्त बचत, म्हणजे दहा हजारी टँकरच्या हिशेबाने एकवीस टँकर! देखभालीचा खर्चही सुमारे एक तृतीयांशाने घटला.

एक अट मला शहाणपणाची वाटते. नुसती खडी पसरून अनुदान मिळत नाही. झाडे पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा त्यांनी झाकली पाहिजे. नाहीतर अंगण तापून भट्टी व्हायची. म्हणून तिथे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची भावंडे, घायपात, कोरफडीसारखी झाडे दिसतात.

2021 मध्ये तर कायदाच झाला. केवळ शोभेच्या हिरवळीला 1 जानेवारी 2027 पासून नदीचे पाणी द्यायचे नाही. हा नियम स्वतंत्र बंगल्यांना लागू नाही. रस्ते, दुकाने आणि आपल्यासारख्या गृहसंस्थांच्या सामाईक जागांना आहे. शाळांची मैदाने आणि बागा वगळल्या आहेत, कारण तिथे मुले खेळतात.

आपण वाळवंटात राहत नाही, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण प्रश्न तोच विचारता येईल: या हिरवळीवर पाऊल कोणाचे पडते? मागच्या हिरवळीवर मुले खेळतात, संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात. ती राहू द्यावी. फाटकाजवळच्या पट्ट्यावर मात्र फक्त माळीदादा चालतात, तेही गवत कापायला. तिथे जास्वंद, कण्हेर, कोरफड लावून पालापाचोळ्याचे आच्छादन आणि ठिबक केले, तर विकतचे पाणी वाचेल आणि सावलीही मिळेल.

पंचवीस वर्षांत आपण भिंती, छत, लिफ्ट सारे सांभाळले. पुढच्या पंचवीस वर्षांत पाण्याचे खातेही तसेच चोख ठेवू या. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.