अजिंक्यताऱ्याच्या तटावरून

आमची सांगली सपाट. गाव उंचावरून बघायचं म्हणजे फार तर आयर्विन पुलावर जायचं. १९२९ साली बांधलेल्या या पुलावर उभं राहून पावसाळ्यात कृष्णेचं पाणी किती चढलं ते बघायचं, एवढीच आम्हा पोरांची उंचीची कल्पना. म्हणून सुट्टीत साताऱ्याला खालाकडे गेलो की खालूंच्या मागे एकच धोशा असे, 'अजिंक्यताऱ्यावर चला.' तेव्हा वर जायला तिकीट नव्हतं, आजही नाही. पायांत बळ असलं की झालं.

किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० फूट. तटावर उभं राहिलं की साताऱ्याची कौलं आणि गच्च्या पायाशी. पश्चिमेला यवतेश्वर, पलीकडे सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर, दूर उत्तरेला चंदन-वंदन. आज आपण हा देखावा मौजेसाठी बघतो. पहाऱ्यावरच्या माणसाला मात्र तो जिवावर उदार होऊन बघावा लागे. कोणत्या वाटेनं धूळ उडतेय, यावर गडाचं भवितव्य ठरायचं.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला हा किल्ला १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंकला. १६९९ च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेबानं त्याला वेढा घातला. बादशहाची छावणी खाली करंज्याजवळ पडली. गडावर किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. चारएक महिने त्यांनी किल्ला झुंजवला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी जमलेल्या मोगल फौजेवरच कोसळला. शेकडो माणसं चिरडून मेली. त्याआधीच, मार्चमध्ये, सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. अखेर किल्ला पडला आणि शहाजादा आझमच्या नावावरून 'आझमतारा' झाला. पुढे मराठ्यांनी तो परत घेतला. 'अजिंक्यतारा' हे नाव महाराणी ताराबाईंनी दिलं, असं सांगतात. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला आणि डोंगराखाली शहर वाढलं. १८१८ मध्ये इंग्रज आले.

नववीत शाळेची सहल या गडावर आली होती. आझमताऱ्याची गोष्ट ऐकून एक वर्गमित्र सहज म्हणाला, "म्हणजे तुमच्या लोकांनी घेतला होता की रे किल्ला!" पोरं हसली. मीही हसलो. पण ते वाक्य काट्यासारखं आत राहिलं.

पुढच्या सुट्टीत तटावर बसून मी ते खालूंना सांगितलं. ते बराच वेळ खाली करंज्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, बादशहाच्या फौजेत रजपूत होते, मराठेही होते. ते कुणाचे लोक? ज्याचं मीठ खायचं त्याच्यासाठी माणसं लढायची. तू फक्त एवढं बघ, आत्ता तू कुठं बसलायस? तटावर की छावणीत?"

मी म्हणालो, "तटावर."

"मग झालं. इथून जे दिसतं ते तुझं."

इतिहास मी नंतर बराच वाचला. एवढं सोपं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. हा किल्ला अनेकदा हातचा गेला, तरी नाव अजिंक्यच राहिलं. ते बहुधा दगडांचं नसावं, परत उभं राहणाऱ्या माणसांचं असावं.

किल्ल्याच्या पायथ्याशी 'चार भिंती' आहेत. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून त्या बांधल्या, असं सातारकर सांगतात. आज तिथं १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. एकेकाळी मोजक्यांसाठी राखलेल्या या जागेवर आता संध्याकाळी कुणीही येऊन बसतं.

खालू आता नाहीत. गेल्या खेपेला नातवाला घेऊन वर गेलो. पूर्वेला माहुलीचा संगम दाखवला. तिथं वेण्णा कृष्णेला मिळते, तिथंच ताराबाईंची समाधी आहे. नातवानं विचारलं, "हे पाणी पुढं कुठं जातं?"

"आपल्या घराकडे," मी म्हणालो. "आयर्विन पुलाखालून."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)