कंपनीचा फिल्टर की बाहेरचा?

इंजिनिअरिंगला असताना आय. सी. इंजिन्सच्या पेपरात एअर क्लीनरवर फार तर एक शॉर्ट नोट यायची. आम्ही ती सरळ ऑप्शनला टाकायचो! पण एक साधा हिशोब बघा. एक लिटर डिझेल जाळायला किमान १०,००० लिटर हवा लागते. त्या हवेतल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते आत गेले की पॉलिश पेपरसारखे रिंगा आणि लायनर घासत बसतात.

तर झालं असं की, १९१५ साली अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन नावाचे गृहस्थ ट्रॅक्टर विकत होते. युटामधल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन धुळीने खलास व्हायचं. यांनी तारेच्या पिंजऱ्यावर कापड लावून फिल्टर केला. पण मालात खोट आहे हे कबूल केलं म्हणून यांचीच नोकरी गेली, असं सांगतात! मग त्यांनी फिल्टरचाच धंदा काढला. म्हणजे या गोष्टीत तरी 'बाहेरचा' फिल्टर आधी आला आणि 'कंपनीचा' नंतर.

पुढे ट्रकना ऑइल बाथ आला. त्यात हवा तेलावरून झटकन वळवतात, जड कण तेलात अडकतात. मग घड्यांचा कागद आला. त्याची गंमत म्हणजे तो थोडा मळला की धूळ जास्तच अडवतो. फक्त हवेला अडथळा वाढतो.

नेमकं इथेच १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या के अँड एनने बोट ठेवलं. तेल लावलेली सुती जाळी, धुवा आणि परत वापरा. मोटरसायकलवरून ही जाळी पिकअप ट्रकमध्ये पोचली आणि वाद पेटला. कंपनीवाले म्हणणार, वॉरंटी जाईल. पण १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार अमेरिकेत निव्वळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. त्या पार्टमुळेच नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी. आणि तसं होऊ शकतं. जाळीला तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.

माझं मत? टर्बो डिझेलचा मूळ फिल्टर बहुधा पुरेसा मोठा असतो, त्यामुळे जाळीने ताकद फारशी वाढत नाही. दिवसभर धूळ खाणाऱ्या ट्रकला कागदच बरा. मग तो कुणाचाही असो, आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे बघावेत, खोक्यावरचं नाव नव्हे. आणि बसवताना रबरी सील नीट बसलंय ना, हे बोट फिरवून बघावं. तिथे फट राहिली तर दोन्ही फिल्टर सारखेच निरुपयोगी!