वच्चकुटी : एका पालि शब्दाचा बोध

ग्रामीण महाराष्ट्रात, कर्जतसारख्या तालुक्यांतही, शौचास जाण्याला ‘परसाकडे जाणे’ म्हणतात. परस म्हणजे घरामागील मोकळी जागा. ‘पायखाना’ हा शब्द फारसीतून आला, तर ‘शौचालय’ म्हणजे शुद्धीचे घर. पहिला शब्द दिशा सांगतो, शेवटचा शुद्धी. मळाचे नाव कोणीच घेत नाही.

पालि विनयपिटक ते सरळ घेते. तेथे या जागेला ‘वच्चकुटी’ म्हटले आहे. वच्च म्हणजे विष्ठा. संस्कृत ‘वर्चस्’ शब्दाचे हे पालि रूप होय. वर्चसाचा प्रसिद्ध अर्थ तेज असला तरी विष्ठा हा अर्थही कोशांत नोंदलेला आहे. कुटी म्हणजे लहान घर. तथागतांच्या निवासस्थानाला ‘गंधकुटी’ म्हणतात, त्यातील कुटी हीच. पालित ‘सण्डास’ हाही शब्द आढळतो. परंतु त्याचा अर्थ चिमटा असा आहे आणि मराठी ‘सांडशी’ त्याच कुळातील आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून त्याचा आपल्या ‘संडास’ शब्दाशी संबंध जोडू नये.

चुल्लवग्गात वच्चकुटीचे नियम आहेत. ब्राह्मणकुळातून आलेला एक भिक्खू घाणीला स्पर्श कोण करणार, म्हणून शौचानंतर पाणी घेत नसे. पुढे त्याला व्याधी जडली. तेव्हा पाणी असल्यास ते घेतलेच पाहिजे, असा नियम तथागतांनी घालून दिला. पूर्वी वच्चकुटीत ज्येष्ठतेप्रमाणे प्रवेश मिळे. आधी आलेले नवखे भिक्खू वेग रोखून मूर्च्छित पडत. तेव्हा जो आधी येईल तो आधी जाईल, असे ठरले. वंदन व आसन यांत ज्येष्ठता मानणाऱ्या संघाने ती येथे मानली नाही.

याहून महत्त्वाचा नियम सफाईचा आहे. वच्चकुटी अस्वच्छ दिसली तर वापरणाऱ्यानेच ती झाडावी, घागरीत पाणी नसेल तर भरून ठेवावे. या कामासाठी वेगळी जात नेमलेली नाही. उलट, थेरगाथेतील सुनीत थेर पूर्वी ‘पुप्फछड्डक’, म्हणजे निर्माल्य व केरकचरा उचलणारे होते. संघात ते वंदनीय झाले.

आपल्या देशात शुद्धीचे नाव एकाने घ्यावे व मैला दुसऱ्याने उचलावा, अशी वाटणी जातीने केली. ती प्रथा बंद करण्यासाठी 1993 आणि 2013 असे दोनदा केंद्रीय कायदे करावे लागले. ज्याला वच्च म्हणण्याची लाज वाटली नाही, त्या संघाला ते धुण्याचीही लाज वाटली नाही, हाच या शब्दाचा बोध आहे.